बाटलीतली साखर आधी मोजा, मग सवय सोडवा

ठाण्याच्या मे महिन्यात टर्फवरून घामाघूम आलेली मुलं थेट दुकानातल्या फ्रिजमधल्या कोल्याकडे वळतात. नुसतं ओरडून ही सवय सुटत नाही. बाटली त्यांच्याच हातात देऊन मागचा तक्ता वाचायला लावा.

तिथला साखरेचा आकडा बहुधा १०० मिलीचा असतो, अख्ख्या बाटलीचा नव्हे. फसगत इथेच होते. कोलावर १०.६ ग्रॅम लिहिलंय आणि बाटली ६०० मिलीची आहे, तर १०.६ गुणिले ६, म्हणजे जवळपास ६४ ग्रॅम. पाच ग्रॅमचा सपाट चमचा धरला तर तेरा चमचे! एवढी साखर घातलेला चहा घशाखाली उतरणार नाही. कोल्यात थंडपणा आणि आम्ल गोडवा झाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरची साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ च्या आत राहिली तर उत्तम. चहा-बिस्किटांतली साखर, मध, फळांचा रस, सगळं यातच आलं.

पातळ साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच राहतं. त्यातल्या फ्रुक्टोजचा (साखरेचाच एक घटक) भार मुख्यतः यकृतावर पडतो आणि जादा झालेल्याची चरबी बनते. रोजच्या सवयीने वजन, फॅटी लिव्हर आणि टाइप २ मधुमेहाचा धोका वाढतो.

दातांचं गणित वेगळं. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचं कवच मऊ पडू लागतं, आणि कोल्याचा पीएच २.५ च्या आसपास असतो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घोट-घोट पिणं सगळ्यात वाईट. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश मात्र अर्ध्या-एक तासाने करा, नाहीतर मऊ झालेलं कवच घासलं जातं. डाएट कोल्यात साखर नसली तरी आम्ल असतंच.

रोज कोला पिणाऱ्याने एकदम बंद केला तर कॅफीन तुटल्याने दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. म्हणून दर आठवड्याला प्रमाण निम्मं करा. दोन लिटरची बाटली घरी आणूच नका. ती स्वस्त पडते खरी, पण गॅस जायच्या आत संपवायची घाई होते.

फ्रिजमधली ती जागा रिकामी ठेवली तर बाटली परत येते. तिथे कोकम सरबत ठेवा: आठ-दहा आमसुलं लिटरभर पाण्यात तीन-चार तास भिजवा, कुस्करून गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि चार सपाट चमचे साखर घाला. पाव लिटरच्या ग्लासात पाचच ग्रॅम साखर येते. आमसुलांऐवजी आगळ (कोकमाचा अर्क) वापरलंत तर वरून मीठ नको, ते आधीच खारट असतं. तयार कोकम सिरपने मात्र काही साधत नाही, त्यात साखरच जास्त.

जुलाबात कोला देऊ नका. जास्त साखरेने जुलाब वाढतात. ओआरएसच द्या.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल आणि रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर साधा गोड कोला उपयोगी पडतो: शुद्धीत असेल तरच १५० मिली द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इथे डाएट कोला चालत नाही.