सरकारी कार्यालयातली ओजेटी: तास, पत्रं आणि क्रेडिट

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीच्या सहाव्या सत्राला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, ४ क्रेडिटची आहे. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांत १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून ४ क्रेडिटला १२० तास लागतात. तुमच्या अभ्यासमंडळाने, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीने, वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ ९.४५ ते ६.१५, आठवड्याला पाच दिवस. जेवणाचा अर्धा तास वजा केला की दिवसाचे ८ तास उरतात आणि १५ दिवसांत १२० तास भरतात. प्रत्यक्षात मधल्या सुट्ट्या आणि कॉलेजचे तास धरून पाच आठवडे हाताशी ठेवा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि मुख्यमंत्री फेलोशिप यांच्याशी ओजेटीची गल्लत करू नका. पहिली योजना शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाही आणि दुसरी पदवीधरांसाठी आहे. ओजेटीसाठी कॉलेजमार्फत थेट कार्यालयाकडेच अर्ज करायचा असतो.

सर्वात जास्त घोळ वेळेचा होतो. सहावं सत्र जानेवारीपासूनचं आणि कार्यालयांचा मार्चअखेरही त्याच काळात. मार्चमध्ये निधी खर्ची टाकण्याची धावपळ असते, त्यामुळे शिकवायला कोणाला सवड नसते. एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम; ज्या साहेबांनी होकार दिला ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. म्हणून अर्ज नोव्हेंबरात द्या आणि काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. निवडणुका लागणार असतील तर महसूल कार्यालयं टाळाच, कारण अर्धा कर्मचारीवर्ग निवडणुकीच्या कामावर असतो.

कार्यालय निवडताना नावाच्या दबदब्यापेक्षा तुमच्या विषयाचं काम तिथे कितपत आहे ते पाहा. मंत्रालयाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण तीन आठवड्यांत शिकण्यासारखं काम जिल्हा पातळीवर जास्त मिळतं. अर्थशास्त्र-संख्याशास्त्राला जिल्हा सांख्यिकी कार्यालय, भूगर्भशास्त्राला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, इतिहासाला पुराभिलेख संचालनालय, पत्रकारितेला जिल्हा माहिती कार्यालय, समाजकार्याला जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग. अर्ज लिहिण्याआधी त्या कार्यालयाची माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खाली स्वतःहून जाहीर केलेली १७ बाबींची माहिती वाचा. कोणत्या कार्यासनाकडे (म्हणजे टेबलाकडे) कोणतं काम आहे ते त्यात असतं. मग ‘मला अनुभव घ्यायचा आहे’ असं मोघम न लिहिता नेमकं कार्यासन आणि काम लिहिता येतं. मोघम अर्ज टेबलावर पडून राहतो, कारण तो कुणाकडे पाठवायचा हेच ठरत नाही.

अर्ज मराठीत, एका पानाचा आणि कार्यालय प्रमुखाच्या पदनामाने लिहा. व्यक्तीच्या नावाने नको. त्यात कालावधी, एकूण तास, हवं असलेलं काम, कॉलेजातल्या मार्गदर्शकाचं नाव व फोन, आणि मानधनाची अपेक्षा नाही हे स्पष्ट येऊ द्या. सोबत प्राचार्यांचं पत्र आणि बोनाफाईड जोडा. दोन प्रती न्या: एक आवक शाखेत (येणारी पत्रं नोंदवतात तिथे) द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. आठवड्याने विचारायला जाल तेव्हा हा क्रमांकच कामी येतो. तो नसेल तर अर्ज शोधायचा कुठे हेही कळत नाही.

होकार तोंडी मिळाला तरी लेखी पत्राशिवाय पहिल्या दिवशी हजर होऊ नका. पत्राआधीचे दिवस कॉलेज मोजत नाही. पत्रात पर्यवेक्षक अधिकाऱ्याचं पदनाम असल्याची खात्री करा.

पहिल्या दोन दिवसांत एक छोटा प्रकल्प ठरवून घ्या, नाहीतर झेरॉक्स आणि टपाल यांतच दिवस जातील. तालुक्याच्या कार्यालयात चांगला जमणारा विषय म्हणजे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित एखादी सेवा: ५० अर्ज घ्या, दाखल झाल्याची आणि निकाली निघाल्याची तारीख मांडा, ठरलेल्या मुदतीशी ताडून उशीर कोणत्या टप्प्यावर होतो ते शोधा. अर्जदारांची नावं आणि आधार क्रमांक वहीत उतरवू नका. नस्तीचे (फाईलचे) फोटो मोबाईलवर काढू नका, आणि आकडेवारी अहवालात वापरण्याची परवानगी लेखी घ्या. युनिकोड मराठी टंकलेखन आधीच शिकून गेलात तर पहिल्याच दिवशी खरं काम हाती येतं.

डायरीत रोज तारीख, आल्या-गेल्याची वेळ, कार्यासन, केलेलं काम आणि तास. दर शुक्रवारी पर्यवेक्षक अधिकाऱ्याची सही घ्या. शेवटच्या दिवशी एकदम सह्या घ्यायला जाल आणि साहेब दौऱ्यावर असतील.

प्रमाणपत्राचा मसुदा चार दिवस आधी स्वतः टंकून द्या. त्यात ‘पासून-पर्यंत’ तारखा आणि एकूण तास अंकात व अक्षरात हवेत. नुसतं ‘एक महिना काम केले’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र कॉलेज परत पाठवतं. जावक क्रमांक, पदनामाचा शिक्का आणि गोल शिक्का हे तिन्ही तिथेच उभं राहून तपासा.

अहवाल जमा करताना १२ अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) कॉलेजच्या नोंदीत बरोबर आहे का ते पाहा. आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव जुळत नसेल तर क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या तुमच्या डिजिटल खात्यात, चढायला अडचण येते. ही दुरुस्ती परीक्षेआधीच करून घ्या. निकालानंतर डिजिलॉकर उघडून ४ क्रेडिट दिसतात का ते बघा. दिसली नाहीत तर परीक्षा विभागाला अर्ज करा, तोही आवक शिक्का घेऊनच.