चौदा दिवसांत गोवा ते लेह: लांबची सहल कशी आखावी

भावोजींनी यादी आणली ती एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून. दिल्ली, आग्रा, हरिद्वार, मसुरी, शिमला, मनाली, अमृतसर, वैष्णोदेवी, श्रीनगर, लेह, पँगाँग. नावं अकरा आणि रजा चौदा दिवसांची. "अरे, सगळं वरच तर आहे," म्हणत त्यांनी आमच्या फोंड्याच्या ओसरीवरून उत्तरेकडे हात फिरवला.

दोष त्यांचा नाही. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत आपलं अख्खं राज्य शंभरेक किलोमीटरचं. काणकोणला जेवायला बोलावलं तरी आपण "एवढ्या लांब?" म्हणतो. अशा माणसाला नकाशावरचं बोटभर अंतर म्हणजे घाटातले दहा तास असू शकतात, हे एकदम कसं कळावं? त्या संध्याकाळी आम्ही यादी बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला. तिथून पुढे जे केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: रात्री मोजणे

कागदावर ठिकाणांची नावं लिहू नका, रात्रींचे आकडे लिहा. चौदा दिवस म्हणजे तेरा रात्री. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, पुणे, भोपाळ, आग्रा करत तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या निजामुद्दीनला पोचते, म्हणजे दोन रात्री गाडीतच. येतानाही गाडीच धरली तर आणखी दोन. उरल्या नऊ. अकरा ठिकाणं आणि नऊ रात्री हा हिशेब समोर मांडल्यावर भावोजी चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

मुक्काम बदलला की अर्धा दिवस जातो हेही धरा. सकाळी सामान बांधणं, खोली सोडणं, प्रवास, पुढची खोली मिळायला दुपारचे बारा ते दोन. म्हणून माझा नियम असा: जिथे मुद्दाम जायचं तिथे दोन रात्री, एक रात्र फक्त वाटेवरच्या गावाला.

आणि डोंगरात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. चांगल्या रस्त्याला ताशी तीस, खराब रस्त्याला वीस. धरमशाला ते मनाली नकाशावर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर दिसतं. पालमपूर, बैजनाथ, मंडी करत जाताना त्यात दिवस संपतो.

महिना ठरवताना

आपल्याकडे मोठी सुट्टी मे महिन्यात. पण मनाली-लेह रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो, तो मोकळा व्हायला मे-जून उजाडतो आणि नक्की तारीख त्या वर्षीच्या बर्फावर. मेची तिकिटं काढून रस्ता उघडण्याची वाट बघणं हा जुगार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख कोरडं असतं खरं, पण तिथे जायचं हिमाचलमधून, आणि हिमाचलात तेव्हा दरडी कोसळतात. २०२३ च्या जुलैत ब्यासच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता.

माझं मत सप्टेंबरचं. पाऊस ओसरत आलेला, आकाश धुतलेलं, रस्ता अजून उघडा. अडचण एकच, चवथ. ती कधी ऑगस्टअखेर येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे माटोळी (गणपतीवर बांधतात ते फळा-पानांचं छत) उतरवून निघायला मोकळे. पाच-सात दिवसांचा असेल तर तारखा त्यापुढे ढकला. घरातले अर्धे लोक आरतीच्या वेळी मनाने मनालीत असण्यात अर्थ नाही.

ठिकाणांचा क्रम: जिन्याच्या पायऱ्या

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा, कारण इथली चूक अंगाशी येते.

फोंडा समुद्रसपाटीला जवळजवळ टेकलेलं. लेह ३,५०० मीटरवर. तिथल्या प्रत्येक श्वासात आपल्याकडच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच प्राणवायू. गोव्याहून निघून दुसऱ्या दिवशी विमानाने लेहला उतरलात तर शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको होतं, झोप लागत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर हा त्रास कोणालाही होऊ शकतो. रोज मैल-मैल पळणाऱ्यालाही. डॉक्टर मंडळींचा ठोकताळा असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. शब्द नीट बघा: झोपण्याची उंची. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर चालतं, रात्र वर काढणं वेगळं.

हे धरून आम्ही असा जिना केला. दिल्ली आणि अमृतसर दोन्ही अडीचशे मीटरच्या खाली. मग धरमशाला, वर मॅक्लिओडगंजला राहिलात तर दोन हजारांच्या आसपास. मनाली २,०५०. पुढे अटल बोगदा, ९.०२ किलोमीटरचा, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला. त्यातून लाहौलमध्ये उतरून केलाँगच्या पुढे जिस्पा, सुमारे ३,२०० मीटर. मनालीहून जिस्पाची उडी हजारावर जाते, म्हणून मनालीत दोन रात्री आणि जिस्पाला पोचल्यावर नुसतं नदीकाठी बसणं. मग लेह.

जिस्पा ते लेह एका दिवसात सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. पहाटे चारला निघायचं आणि रात्री पोचायचं. बरेच जण हा पल्ला तोडायला मध्ये सरचूला तंबूत राहतात. मी राहू नका म्हणतो. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. जिस्पाहून एका रात्रीत हजारावर मीटर चढून झोपायचं म्हणजे रात्रभर उशीवर बसून काढायची. त्यापेक्षा एक दिवस गाडीत कुढलेला परवडला. त्या दिवशी बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), मग ५,३२८ मीटरची तांगलांग ला ओलांडता, पण झोपता लेहला, म्हणजे कालच्यापेक्षा तीनशेच मीटर वर. चोर्ला घाटात ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी उलटीची गोळी आदल्या दिवशीच खिशात ठेवावी.

लेहला पहिला दिवस आणि दुसरा अर्धा दिवस आराम. बाजारात फिरा, पाणी प्या, दारू नको. (हे वाक्य भावोजींसाठी दोनदा वाचलं.) विरळ हवेच्या त्रासावर गोळी मिळते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. रक्तदाब, हृदय, दमा यांपैकी काही असेल तर निघण्याआधी तपासणी करा. कोणी चालताना झोकांड्या देऊ लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, दवाखाना गाठा आणि खाली उतरा.

यादीतला पँगाँग या हिशेबात गळाला. तलाव ४,२०० मीटरच्या वर, एका रात्रीसाठी तेवढं चढायचं आणि दोन दिवस गाडीत घालवायचे. त्याऐवजी नुब्रा खोरं. रस्ता ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला वरून जातो, पण हुंदर गाव सुमारे ३,१०० मीटरवर, लेहच्याही खाली. झोप छान लागते.

घरात वयस्क माणूस असेल आणि लेह नको वाटत असेल तर मनालीहून मागे फिरून शिमला घ्या आणि कालकापर्यंत छोट्या गाडीने उतरा. १९०३ मधली ९६ किलोमीटरची ही लाईन शंभराहून जास्त बोगद्यांतून जाते. ही सहल कमी प्रतीची आहे असं अजिबात समजू नका.

तेरा रात्रींचा कागद

शेवटी आमचा कागद असा झाला: पहिली आणि दुसरी रात्र गाडीत, तिसरी दिल्ली, चौथी अमृतसर, पाचवी-सहावी धरमशाला, सातवी-आठवी मनाली, नववी जिस्पा, दहावी-अकरावी लेह, बारावी नुब्रा, तेरावी पुन्हा लेह. चौदाव्या दिवशी विमानाने घरी. अमृतसरला एकच रात्र कारण ते वाटेवर आहे: दुपारी पोचून अटारीचा सोहळा, रात्री सुवर्णमंदिर, पहाटे पुन्हा सुवर्णमंदिर आणि लंगर. सलग दोन दिवस वाट वाकडी करण्यापेक्षा ही एक रात्र मनात जास्त राहते.

कागद झाला की त्यावर वार लिहा. शनिवारी निघालात तर दिल्लीत सोमवारी उतरता, आणि सोमवारी लाल किल्ला बंद. वाटेत आग्र्याला उतरायचं डोक्यात असेल तर ताजमहाल शुक्रवारी बंद.

तिकिटं काढताना

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० होते. पल्ले अनेक असले की प्रत्येकाची उघडण्याची तारीख वेगळी. समजा २० सप्टेंबरला वास्कोहून निघायचं, तर ते तिकीट २२ जुलैला उघडेल आणि २३ सप्टेंबरची दिल्ली-अमृतसर शताब्दी २५ जुलैला. या तारखा कालनिर्णयवर तांबड्या पेनने लिहा. सकाळी आठला फोन हातात हवा, देवपूजा नंतर. चुकलंच तर तत्काळ एक दिवस आधी, वातानुकूलित डब्यांचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. त्यासाठी ॲपवरचं खातं आधारशी जोडून ठेवा. पण सहा जणांच्या कुटुंबाने तत्काळवर विसंबू नये.

मडगावहून राजधानी किंवा मंगला धरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि ते सप्टेंबरातही चालू असतं. गाड्या दरडींच्या भीतीने हळू चालतात, वेळा बदलतात. पाठ असलेल्या वेळेवर जाऊ नका, तिकिटावरची बघा. दिल्लीतही उतरायचं स्टेशन निजामुद्दीन आणि शताब्दी सुटते नवी दिल्लीहून. खोली घ्यायची ती नवी दिल्ली स्टेशनाजवळ.

लेहहून निघणारी विमानं बहुतेक सकाळची असतात, दुपारी डोंगरात वारा सुटतो. हवा बिघडली की उड्डाण रद्द. म्हणून लेह-दिल्ली आणि दिल्ली-गोवा एकाच तिकिटात घ्या. स्वतंत्र घेतलीत तर मध्ये भरपूर तास सोडा. आणि घरचं तिकीट काढताना गोव्याचं कोणतं विमानतळ ते डोळे उघडे ठेवून वाचा. एका परतीच्या प्रवासात मी ते वाचलं नाही. गाडी उभी दाबोळीला आणि आम्ही उतरलो मोपाला, रात्री साडेअकराला, दोन झोपलेली मुलं आणि सफरचंदांची पेटी घेऊन. ती सफरचंदं मला फार महाग पडली.

हॉटेलं आधी ठरवा, पण रद्द करता येणारी. रस्ता बंद पडला तर सगळे मुक्काम एकेक दिवस सरकतात.

बाकी बारीकसारीक

लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, घरातला एक तरी फोन पोस्टपेड हवा. लेहला पोचवायला आलेली बाहेरची टॅक्सी पुढे नुब्रा फिरवत नाही, तिथल्या युनियनचीच गाडी ठरलेल्या दराने घ्यावी लागते. गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नुब्रासाठी परवानगी किंवा शुल्काचं काय ते लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात बघा, नियम बदलत असतात. केलाँगनंतर एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोख जवळ ठेवा.

लोकरी कपडे गोव्यात शोधत बसू नका. एक थर्मल आणि एक वारा न शिरणारं जॅकेट पुरे, टोपी-मोजे मनालीच्या बाजारात. खाण्यात राजमा-चावल आणि थुकपा यांच्याशी जमवून घ्या, नुस्त्याची, म्हणजे मासळीची, आठवण चौथ्या दिवसानंतर कमी होते. सोलां (आमसुलं) पुडीत बांधून न्या, पाण्यात टाकली की झालं. सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) मात्र वातानुकूलित डब्यात उघडू नका. आम्ही उघडली होती.

कागदाच्या दोन प्रती काढा. एक फोनमध्ये, एक तुळशीला पाणी घालायला जी शेजारीण येणार तिच्याकडे.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या रात्री भावोजी आपली प्रत घेऊन आले. तेराव्या रात्रीसमोर लेहच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'पँगाँग?' लिहिलं होतं. मुलीने तिचा खोडरबर पुढे केला.