सोसायटीचा जिना रंगवायचाय आणि गेटला नवं लॉकही बसवायचंय? मग आधी हे वाचा

बऱ्याच सोसायट्यांत काम उलटं सुरू होतं. आधी रंगारी येतो, जिना चकाचक होतो आणि दोनेक महिन्यांनी व्हिडिओ डोअर फोनवाला ड्रिल घेऊन त्याच भिंती फोडायला येतो. म्हणून क्रम असा ठेवा, गळती, वायरिंग, प्लास्टर, लादी, रंग आणि मग लॉक. लॉक शेवटी लागत असलं तरी त्याची वायर मात्र रंगाच्या आधी भिंतीत गेलेली हवी.

सगळ्यात आधी स्पेशल जनरल बॉडी, म्हणजे सगळ्या सभासदांची खास सभा घ्या, पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. कमिटीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करायचा याला उपविधीत (सोसायटीच्या नियमावलीत) मर्यादा आहे आणि जिना, लॉबी, गेट एकत्र धरलं की ती सहज ओलांडली जाते. पैसे रिपेअर फंडातून काढा, सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, त्याला रंगासाठी हात लावू नका. आणि ठराव लिहून झाल्याशिवाय कोणाला ऍडव्हान्स देऊ नका, नंतर तळमजल्यावरचे काका विचारतातच!

कोटेशन तीन घ्या, पण तिघांना एकच यादी द्या: जुना रंग किती घासणार, लांबीचे (पुट्टीचे) हात किती, प्रायमर कुठला, रंगाचे हात किती. नुसतं 'जिना रंगवणे' असं लिहिलं तर स्वस्तवाला प्रायमर खाणार हे धरून चाला. मोजमाप रंगाऱ्यासोबत स्वतः टेप धरून घ्या, दारांची जागा वजा करायची की नाही ते तेव्हाच ठरवा, आणि बिलातले पाचदहा टक्के काही महिने रोखून ठेवायचे हेही आधीच लिहून घ्या.

जिथे पापुद्रे सुटलेत तिथे ओल कुठून येतेय ते शोधा, बहुतेकदा गच्चीवरची टाकी नाहीतर डक्टमधला पाइप. ते दुरुस्त करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच लांबी (त्यामुळे हे काम पावसाळ्यात नकोच). खालच्या चार फुटांना टाइल किंवा धुता येणारा रंग, कारण सायकली आणि सोफे तिथेच घासतात. जिन्याला कोटा फरशी असेल तर ती उपटू नका, पॉलिश करून घ्या. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल पायऱ्यांवर लावणं म्हणजे आजीआजोबांचे पाय मोडायची सोय.

आता गेटचं दार. साधारण 600 पाउंड ताकदीने दार धरून ठेवणारं मॅग्नेटिक लॉक लावतात, ते 12 व्होल्टवर चालतं आणि लाइट गेली की उघडतं. आग लागली तर तेच हवं, म्हणून वरून कडी-कुलूप ठोकू नका, पॉवर सप्लायला बॅटरी बॅकअप द्या. आतून एक्झिट बटण हवंच आणि शिवाय लॉकचा करंट थेट तोडणारा इमर्जन्सी स्विच. फिटिंगच्या वेळी दारावरची लोखंडी पट्टी बघा, ती मधल्या स्क्रूवर रबरी वॉशरमुळे थोडी हलली पाहिजे, फिटरने करकचून आवळली तर चुंबकावर सपाट बसत नाही आणि एका हिसक्यात दार उघडतं. डोअर क्लोझरला वेगाचे सहसा दोन स्क्रू असतात, एक दार किती वेगात येतं त्याचा, दुसरा शेवटच्या वितभर अंतराचा. दुसरा नीट सेट केला नाही तर दार एकतर आदळतं नाहीतर उघडं राहतं, मग महागडं लॉक असून काय उपयोग.

दार उघडायची कार्ड साधी 125 किलोहर्ट्झची घेऊ नका, त्यांची कॉपी चावीवालासुद्धा करून देतो, 13.56 मेगाहर्ट्झची एन्क्रिप्टेड मागा. सिस्टमचा फॅक्टरी पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि तो कमिटीतल्या दोघांकडे ठेवा, फक्त व्हेंडरकडे नको. कोणतं कार्ड कुठल्या फ्लॅटचं याची यादी सेक्रेटरीकडे असू द्या, भाडेकरू बदलला की जुनं कार्ड बंद. कामवाल्या मावश्यांना वेळ ठरवून कार्ड द्या, आणि पहाटे पाचला दूधवाल्यासाठी दार कोण उघडणार ते गेट चालू व्हायच्या आधी ठरवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी दारात वीट लावून ठेवणार.