दूध तोडण्याआधी वासराच्या खुराकात या चुका टाळा

दूध तोडल्यावर वासरू खंगलं, केस राठ झाले, पोट सुटलं की सगळा दोष दूध बंद केल्याला दिला जातो. खरी चूक त्याआधीच्या आठवड्यांत झालेली असते, कारण तेव्हा खुराकाकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

जन्मलेल्या वासराचं रुमेन, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिला कप्पा, अगदी लहान असतं, आणि प्यायलेलं दूध त्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात जातं. म्हणजे दुधावर वासरू वाढतं, रुमेन वाढत नाही. धान्य रुमेनमध्ये आंबतं, त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होतं आणि त्यावर आतल्या अस्तराचे बारीक कोंब वाढतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांसाठीचा धान्याचा खुराक, समोर ठेवायला सुरुवात करा. दूध पिऊन झाल्या झाल्या चिमूटभर तोंडात घातला तर वासराला चव लवकर कळते. तो दुधात कालवून मात्र पाजू नका, कारण तसा दिलेला खुराक बराचसा दुधाबरोबरच पुढे निघून जातो.

सगळ्यात जास्त नडते ती पाण्याची हेळसांड. ‘दूध पाजतोय ना, मग पाणी कशाला?’ असं सर्रास ऐकू येतं. पण सुटं प्यायलेलं पाणी रुमेनमध्ये जातं आणि त्याच्याशिवाय तिथे धान्य आंबत नाही. पाणी नसेल तर वासरू खुराकही कमी खातं. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी कायम समोर हवं. पाण्याची आणि खुराकाची बादली मात्र चिकटून ठेवू नका. ओल्या तोंडाने खुराक भिजतो, आंबूस वास येतो आणि वासरू त्याला तोंड लावत नाही.

पिठासारखा बारीक भरडा नाकाला चिकटतो आणि खाणं मंदावतं. जाडसर भरडा किंवा गोळी बरी. मोठ्या जनावरांचं पशुखाद्य वासराला घालणं मला अजिबात पटत नाही. त्यात युरिया असू शकतो आणि तो पचवण्याइतकं रुमेन अजून तयार नसतं. स्टार्टरमध्ये १८ ते २० टक्के प्रथिनं हवीत. बुरशी आलेली पेंड तर नकोच.

वासरू खात नसेल तर आधी पाणी पाहा, मग बादलीच्या तळाशी हात घालून शिळा थर बसलाय का ते बघा. कालचा उरलेला रोज काढा, नवा थोडाच घाला. भरपूर दूध मिळत असेल तरी खुराकाची भूक लागत नाही.

दूध तोडताना वय मोजू नका, खुराक मोजा. मोठ्या जातीचं वासरू सलग ३ दिवस रोज १ ते १.५ किलो खात असेल तरच दूध कमी करायला घ्या, तेही आठवडा-दहा दिवसांत हळूहळू. हगवण किंवा ताप असेल तर थांबा. दूध सुटल्यावरही निदान दोन आठवडे तोच स्टार्टर आणि तीच जागा ठेवा.