वॉटरजेटच्या पंपावर नवीन आहात? सील खोलायच्या आधी हे वाचा

वॉटरजेटवर, म्हणजे प्रचंड प्रेशरच्या पाण्याने कापणाऱ्या मशीनवर, नवीन लागलेली पोरं सगळी प्रोग्रॅमिंग आणि कटिंग स्पीडच्या मागे असतात, पंपाकडे कोणी बघत नाही, आणि मग रात्रपाळीला प्रेशर पडलं की हातपाय गळतात. मी भोसरीत याच कामावर शिकलो, नीट समजावून सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून लिहितोय.

इंटेन्सिफायरचं, म्हणजे पाण्याचं प्रेशर वाढवणाऱ्या पंपाचं, गणित माहीत असेलच. मोठ्या पिस्टनवर तेलाचं 3000 पीएसआय (प्रेशरचं माप), त्याच्या दोन्ही टोकांना पाणी दाबणारा बारीक दांडा म्हणजे प्लंजर, त्याचं क्षेत्रफळ 20 पट कमी, म्हणून पाण्याला 60,000. एवढ्या प्रेशरला पाणीसुद्धा साधारण 12 टक्के दबतं, त्यामुळे पिस्टन दिशा बदलताना प्रेशर क्षणभर खाली येतं, ते सांभाळायला अटेन्युएटर, म्हणजे दाबलेलं पाणी साठवणारं जाड भांडं.

आता खरी मेख. पिस्टन एका दिशेला नेहमीसारखा आणि दुसरीकडे धाडकन जायला लागतो. समजा डावीकडे जाताना पळतोय, तर सगळे सांगणार डावं सील (प्लंजरभोवती पाणी अडवणारी रिंग) गेलं, बदल. बदललं तरी तेच, आणि मी तासन्‌तास डोकं धरून बसायचो. डावं सील किंवा डावा इनलेट चेक व्हॉल्व्ह (पाणी फक्त आत घेणारा) गळत असेल तर असं होतंच, पण उजवा आउटलेट चेक व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर सोडणारा) गळत असला तरी पिस्टन डावीकडेच पळतो! कारण डावीकडून दाबलेलं पाणी नोझलकडे जायच्या ऐवजी त्या गळक्या आउटलेटमधून उजव्या सिलिंडरमध्ये शिरतं, तो तेव्हा भरायच्या स्ट्रोकवर असतो, मग पिस्टनला अडवणार कोण? सील गेलं तर बहुतेक वेळा वीप होलमधून (गळती दिसावी म्हणून ठेवलेल्या भोकातून) पाणी ठिबकतं, चेक व्हॉल्व्ह आतल्या आत गळतो, बाहेर टिपूस नाही. पण गळणारी जागा तापते, म्हणून पाना उचलायच्या आधी टेंपरेचर गनने दोन्ही टोकं बघा. आणि दोन्ही दिशांना सारखाच वेग वाढला असेल तर इंटेन्सिफायर सोडा, आधी ऑरिफिस (ज्याच्या बारीक भोकातून पाण्याची धार निघते तो खडा) बघा, बहुतेक भोक मोठं झालेलं असतं.

प्रेशर पडलं की सेटिंग वाढवून शिफ्ट काढायची हा सल्ला देणाऱ्या सिनियरचं अजिबात ऐकू नका, मला तो प्रकार मनापासून आवडत नाही. "का" विचारल्यावर चिडतो त्याच्याकडून पाना धरायला शिका, बाकी मॅन्युअल वाचा.

ठिबकणाऱ्या वीप होलवर बोट ठेवायचं नाही, ते बुजवायचं नाही, प्रेशर चालू असताना जॉइंट आवळायचा नाही. पाणी कातडीत घुसलं तर वर फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं आणि आत खोलवर नुकसान झालेलं असतं, तेव्हा त्याच मिनिटाला हॉस्पिटल, आणि डॉक्टरला हाय प्रेशर पाणी घुसलंय असं स्पष्ट सांगायचं.

सुरुवातीला आवाजातलं काहीच कळत नाही, घाबरू नका, कान तयार होतो. तोवर नवीन ऑरिफिस टाकला की त्या प्रेशरला मिनिटाला किती स्ट्रोक पडतात ते वहीत लिहा, ऑरिफिसचा साइजही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार.