तोरणमाळची सीताखाई रोमँटिक स्टाईलमध्ये कशी रंगवायची

रोमँटिक म्हणजे इथे प्रेमाचं नाही, निसर्ग भव्य आणि गूढ दाखवणारी चित्रशैली. पावसाळ्यात तोरणमाळला सीताखाईची दरी बघायला जाणार असाल तर रंग घरीच ठेवा, पेन्सिल आणि स्केचबुक पुरे. या शैलीतला जर्मन चित्रकार फ्रीडरिश पण बाहेर फिरून खडक, झाडं यांची बारीक स्केचेस करायचा आणि मग ड्रेस्डेनच्या स्टुडिओत वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जुळवून ऑइलमध्ये चित्र काढायचा, १८१८ च्या आसपासचं त्याचं धुक्यासमोरच्या पाठमोऱ्या माणसाचं चित्र असंच बनलंय. खाईच्या कडेपासून लांबच बसा, दगड फार निसरडे असतात.

घरी आल्यावर आधी आकाश. मग सगळ्यात लांबचा सातपुडा, पांढऱ्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) अगदी जरासा टच, पुढची प्रत्येक रांग थोडी गडद आणि थोडी तपकिरी करत या. धुकं वेगळं काढायला जाऊ नका, रांगेचा खालचा भाग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने हलकेच पुसत न्या, कड विरघळली की धुकं आपोआप दिसतं, मला तर यातच खरी मजा वाटते.

पुढचा खडक जवळजवळ काळा ठेवा.

अमेरिकेचा चित्रकार थॉमस कोल याचं १८३६ चं ‘ऑक्सबो’ हे चित्र नक्की बघा, डावीकडे वादळ, मोडकं झाड आणि रान, उजवीकडे उन्हातली शेतं, आणि मध्ये तो स्वतः इवलासा. आपल्याकडे एका बाजूला सातपुड्याचं जंगल, दुसरीकडे तापीकाठच्या केळीच्या बागा घेऊन हे मस्त जमेल. माणूस टाकायचाच तर एखादा गुराखी, नखाएवढा, त्याहून मोठा नको, नाहीतर डोंगर लगेच लहान वाटायला लागतो.