महापालिकेकडून कागद मिळवताना

आधी फोन नंबर शोधा, मग माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज लिहा. पुणे महापालिकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खात्याची 'कलम 4(1)(ख)'ची, म्हणजे या कायद्यानुसार स्वतःहून जाहीर करायची माहिती असते. अधिकाऱ्यांचे फोन आणि ज्याच्याकडे अर्ज करायचा त्या जन माहिती अधिकाऱ्याचं नाव तिथेच सापडतं. फोन उचलला गेलाच, तर एवढंच विचारा: या रस्त्याची फाइल क्षेत्रीय कार्यालयात आहे की शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत? चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज पुढे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे, पण तुमचे दिवस जातात.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. बहुतेक अर्ज प्रश्नामुळे फसतात. 'रस्ता का खचला?' याला उत्तर मिळत नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासा नाही. त्याऐवजी 'अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तक आणि अदा केलेली बिलं यांच्या प्रती' मागा. कालावधी तारखांसह लिहा.

पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. त्याला 20 रुपयांचं स्टॅम्प.